सरकारी पडदा : दूरदर्शनवरच्या अविश्वासाची बावीस वर्षे (१९७५–१९९७)

१/
जून १९७५. आणीबाणी पुकारली गेली आणि त्याच सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्यापुढे एक मागणी आली. आकाशवाणीची बातमीपत्रे प्रसारित होण्यापूर्वी संजय गांधी यांना दाखवली जावीत. संजय गांधी त्या वेळी मंत्री नव्हते, खासदारही नव्हते. गुजराल यांनी ते शक्य नसल्याचे सांगितले. काही दिवसांतच त्यांचे खाते गेले आणि त्या जागी विद्याचरण शुक्ल आले.

बावीस वर्षांनी, सप्टेंबर १९९७ मध्ये, दूरदर्शन आणि आकाशवाणी यांना मंत्रालयापासून वेगळे करणारा कायदा अखेर अमलात आला. त्या दिवशी देशाचे पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल.

या दोन घटनांच्या मध्ये देशाने राजकारणाच्या बातम्या एकाच पडद्यावर पाहिल्या आणि हळूहळू त्या पडद्यावरचा विश्वास गमावला. हा थ्रेड त्या अविश्वासाचा इतिहास आहे.

२/
वादाचे मूळ दूरचित्रवाणीहून जुने आहे. १८८५ चा भारतीय तार कायदा झाला तेव्हा रेडिओचा जन्मही व्हायचा होता. तारायंत्रावर सरकारचा विशेषाधिकार असावा, एवढाच इंग्रजांचा हेतू. पुढे बिनतारी लहरीही त्याच कायद्याच्या पोटात शिरल्या आणि स्वतंत्र भारताने तो विशेषाधिकार जसाच्या तसा स्वीकारला.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली, ती आकाशवाणीचा एक भाग म्हणून. आकाशवाणी हे मंत्रालयाखालचे खाते. म्हणजे बातमी निवडणारा माणूस सरकारी नोकर आणि त्याची बदली-बढती ज्यांच्या हाती, त्यांच्याच बातम्या त्याने द्यायच्या. (दिल्लीच्या त्या पहिल्या मंडळींत पु. ल. देशपांडे होते. १९७७ मध्ये आणीबाणीविरुद्धच्या प्रचारसभा गाजवणारे तेच पु. ल.)

३/
ही रचना बरी नव्हे, हे सरकारला कोणी सांगितले नव्हते असे नाही. १९६४ मध्ये नेमलेल्या चंदा समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांची वेगवेगळी, स्वायत्त महामंडळे करावीत, असे तिचे मत होते.

त्यातला अर्धा सल्ला दहा वर्षांनी मानला गेला. १ एप्रिल १९७६ रोजी ‘दूरदर्शन’ आकाशवाणीपासून वेगळे झाले. मात्र महामंडळ झाले नाही, आणखी एक सरकारी खाते झाले. तारीख लक्षात घ्यावी, आणीबाणी ऐन भरात होती.

४/
मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. मराठी घरांत ‘सातच्या बातम्या’ हा शब्दप्रयोग तेथून रुजला. शेजारच्या बिऱ्हाडात संच असेल तर साऱ्या चाळीने तेथे जमायचे, बातम्या संपेपर्यंत कुजबुज करायची नाही. स्मिता पाटील चित्रपटांत येण्यापूर्वी याच केंद्रावर मराठी बातम्या वाचत असत. निवेदकांचे उच्चार, त्यांचा संयम, त्यांचे साधे राहणे यांविषयी मराठी प्रेक्षकांना आदर होता आणि तो रास्तच होता.

मात्र निवेदकाविषयीचा आदर आणि बातमीविषयीचा विश्वास या निराळ्या गोष्टी आहेत. पहिला टिकला, दुसरा गेला.

५/
तो कसा गेला हे पाहण्यापूर्वी एक गैरसमज दूर करावा लागतो. पक्षपाती बातमी म्हणजे खोटी बातमी, अशी सर्वसाधारण समजूत असते. दूरदर्शनवर धादांत असत्य क्वचितच सांगितले गेले असेल. झुकते माप निराळ्या जागी असे.

बातमीपत्र पंधरा-वीस मिनिटांचे. त्यात पहिली बातमी कोणती, कोणाला तीन मिनिटे आणि कोणाला एक वाक्य, कोणाचे चित्र दाखवायचे आणि कोणाचे केवळ नाव घ्यायचे, कोणाचे भाषण त्याच्या स्वतःच्या आवाजात आणि कोणाचे निवेदकाच्या सारांशात, हे सारे कोणीतरी ठरवते. मंत्र्याने कोनशिला बसवली ही बातमी खरीच असते. त्याच दिवशी दुसऱ्या शहरात मोर्चा निघाला होता आणि तो पडद्यावर आला नाही, एवढेच.

न दाखवलेली गोष्ट पुराव्यादाखल पुढे करता येत नाही. म्हणून अशा पक्षपाताची तक्रार नेहमी ‘वाटण्या’च्या पातळीवर राहते आणि सत्तेवर असलेल्यांना ती सहज झटकता येते.

६/
आणीबाणीने मात्र ही तक्रार मोजता येईल अशी करून ठेवली.

१ जानेवारी १९७६ ते १८ जानेवारी १९७७ या काळात आकाशवाणीच्या दिल्ली केंद्राने संजय गांधींविषयी १९२ बातम्या दिल्या आणि दूरदर्शनने २६५, हे आणीबाणीनंतर उजेडात आले. पुन्हा आठवण करून द्यायला हवी, या व्यक्तीकडे सरकारातले कोणतेही पद नव्हते. त्यांच्या आंध्र प्रदेशच्या एका दिवसाच्या दौऱ्यावर फिल्म्स डिव्हिजनने अनुबोधपट काढला, तोही इंग्रजी, हिंदी आणि तेलुगू निवेदनांसह.

आणीबाणीत जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई, अटलबिहारी वाजपेयी, मधु लिमये अशी मंडळी काही ना काही काळ कैदेत किंवा नजरकैदेत होती. पडद्यावर ती नव्हतीच.

७/
किशोर कुमारचा किस्सा सर्वपरिचित आहे. काँग्रेसच्या एका कार्यक्रमात गाण्यास त्याने नकार दिला आणि ४ मे १९७६ पासून त्याची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवर बंद झाली. या किस्स्याची मौज करून सांगण्याची पद्धत आहे, पण त्यात मौज फारशी नाही. गाण्यावर बंदी घालणारे खाते आणि बातम्या देणारे खाते एकच होते. गायक नाहीसा होऊ शकतो हे ज्यांनी ऐकून अनुभवले, त्यांना बातमीही नाहीशी होऊ शकते हे निराळे सांगावे लागले नाही.

८/
मग ‘बॉबी’.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. २ फेब्रुवारीला जगजीवन राम यांनी मंत्रिमंडळ आणि काँग्रेस दोन्ही सोडले. रविवारी, ६ फेब्रुवारीला, दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा ठरली. जयप्रकाश आणि जगजीवन राम एका व्यासपीठावर येणार होते.

दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागत असे. त्या रविवारी ठरलेला चित्रपट बदलून राज कपूरचा ‘बॉबी’ लावण्यात आला. १९७३ साली देशाला वेड लावलेला आणि तरुणांत अजून तितकाच लोकप्रिय असलेला चित्रपट. गर्दी घरी बसावी, हा हेतू लपण्याजोगा नव्हता.

गर्दी घरी बसली नाही. बसगाड्यांची पंचाईत असताना लोक मैलोगणती चालत मैदानावर आले. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्राचा मथळा होता, ‘बाबूं’नी ‘बॉबी’ला हरवले. जगजीवन राम यांना लोक बाबूजी म्हणत.

९/
या प्रसंगाकडे बहुधा सरकारची फजिती म्हणून पाहिले जाते. त्यातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. त्या दिवशी दूरदर्शनने कोणतीही चुकीची बातमी दिली नव्हती. केवळ एक चांगला चित्रपट दाखवला होता. तरीही दिल्लीकर प्रेक्षकाने ती कृती राजकीय म्हणून बरोबर ओळखली. पडदा वाचायला लोक शिकले होते.

बातम्यांसाठी त्यांनी पर्यायही शोधला होता. सेन्सॉरच्या अटी न मानल्याने बीबीसीच्या मार्क टली यांना १९७५ मध्ये भारत सोडावा लागला होता, तरी लंडनहून होणारे हिंदी प्रसारण ट्रान्झिस्टरवर लागतच होते. आपल्याच देशात काय चालले आहे हे परक्या देशाच्या रेडिओवरून पडताळून पाहण्याची सवय त्या एकोणीस-वीस महिन्यांत लागली. ती पुढे पंधरा वर्षे सुटली नाही.

१०/
मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. माहिती व नभोवाणी खाते लालकृष्ण अडवाणींकडे गेले. ऑगस्टमध्ये आणीबाणीतील माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका निघाली. त्याच वर्षी मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीत आकाशवाणी-दूरदर्शनवर प्रचारासाठी वेळ देण्याची पद्धत सुरू झाली. आणि स्वायत्ततेचा आराखडा करण्यासाठी एक कार्यगट नेमला गेला, त्याचे अध्यक्ष होते बी. जी. वर्गीज.

निवड नेमकी होती. वर्गीज एके काळी इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार होते. पुढे ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक असताना, आणीबाणीतच त्यांना त्या पदावरून दूर व्हावे लागले. दोन्ही बाजूंच्या खोल्या त्यांनी आतून पाहिल्या होत्या.

११/
१९७८ च्या आरंभी आलेल्या या अहवालाचे नाव ‘आकाश भारती’. त्याचा गाभा असा : प्रसारण एका राष्ट्रीय विश्वस्त संस्थेकडे द्यावे, तिचे स्वातंत्र्य राज्यघटनेनेच सुरक्षित करावे, म्हणजे उद्याचे बहुमत ते साध्या ठरावाने काढून घेऊ शकणार नाही.

या साऱ्या बावीस वर्षांत खरा उपाय एकदाच कागदावर उतरला, तो येथे. आणि तो नाकारला कोणी? आणीबाणी लादणाऱ्यांनी नव्हे, आणीबाणीत तुरुंग भोगलेल्यांनी. १९७९ मध्ये जनता सरकारने ‘प्रसार भारती’ विधेयक आणले त्यात विश्वस्त संस्थेची कल्पना गळाली होती, घटनात्मक संरक्षणही गळाले होते. उरले होते एक महामंडळ. तेही संमत होण्यापूर्वी सरकार कोसळले.

विरोधात असताना स्वायत्ततेची मागणी करायची आणि सत्तेत आल्यावर ती पातळ करायची, ही रीत येथे सुरू झाली. पुढे तिचे अनुकरण सर्वांनी केले.

१२/
१९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्या आणि विषय मिटला. मात्र पडदा झपाट्याने वाढू लागला. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आले. १९८४ च्या उत्तरार्धात तर जवळजवळ रोज एक नवे प्रक्षेपण केंद्र उभे राहत होते. पूर्वी महानगरांपुरता असलेला ‘साडेआठ-नऊच्या बातम्यां’चा प्रभाव आता जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला.

दक्षिणेत आणि पूर्वेत बिगरकाँग्रेस पक्षांची सरकारे होती. त्यांची तक्रार अशी की दिल्लीचा पडदा त्यांच्या राज्यात शिरतो, पण त्यांचे राज्य त्या पडद्यावर दिसत नाही.

१३/
३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास इंदिरा गांधींवर गोळ्या झाडण्यात आल्या. दुपारी अडीचच्या आधीच डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केले होते. बीबीसीने ते दुपारीच जगाला सांगितले. आकाशवाणीने निधनाची बातमी दिली ती सायंकाळी सहाच्या सुमारास.

पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही खात्री करण्यासाठी ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावले, असे त्या दिवसाचे अनेक वृत्तान्त सांगतात. ज्यांच्या घरावर हा आघात झाला आणि जे काही तासांत या देशाचे पंतप्रधान होणार होते, त्यांनाही विश्वासाची बातमी लंडनहून घ्यावीशी वाटली. या संपूर्ण कालखंडावर याहून बोलका प्रसंग सापडत नाही.

१४/
विलंबाला कारणे होती. राष्ट्रपती परदेशात होते, वारसदाराचा शपथविधी व्हायचा होता, दंगलीची भीती होती. हे युक्तिवाद क्षुल्लक नव्हेत. पण मधल्या चार तासांत शहर गप्प बसले नाही. अधिकृत बातमीची जागा अफवेने घेतली, आणि सायंकाळपासून दिल्लीत शिखांवर हल्ले सुरू झाले.

पुढचे दोन-तीन दिवस दूरदर्शनने तीन मूर्ती भवनातील अंत्यदर्शन सलग दाखवले. पार्थिवाभोवतीच्या गर्दीतून ‘खून का बदला खून’ अशा घोषणा येत होत्या आणि त्या प्रक्षेपणातून घरोघरी ऐकू गेल्या, अशी तक्रार नंतर नागरिकांच्या अहवालांत आणि साक्षींत नोंदली गेली. बाहेर काय जळत होते, ते मात्र पडद्यावर नव्हते. सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले.

एरवी एकेका शब्दाला मंजुरी घेणारी यंत्रणा त्या घोषणांच्या वेळी कोठे होती, हा प्रश्न आजही तितकाच अस्वस्थ करणारा आहे. त्यात कटाचा वास शोधण्याची गरज नाही. वरून आदेश आल्याशिवाय स्वतःच्या बुद्धीने कॅमेरा वळवायचा किंवा आवाज बंद करायचा, याची सवयच या यंत्रणेला कोणी लागू दिली नव्हती.

१५/
राजीव गांधींच्या आरंभीच्या काळात थोडी हवा खेळली. ‘जनवाणी’ नावाच्या कार्यक्रमात मंत्री सामान्य नागरिकांच्या प्रश्नांना सामोरे जात. मंत्री अडखळताना दिसू लागले आणि कार्यक्रम फार दिवस चालला नाही. भास्कर घोष १९८६ मध्ये महासंचालक झाले, त्यांनी संस्थेला व्यावसायिक शिस्त लावू पाहिली, १९८८ मध्ये त्यांनाही जावे लागले. त्या दिवसांच्या त्यांच्या आठवणी पुढे पुस्तकरूपाने आल्या.

एप्रिल १९८७ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी संरक्षणमंत्रिपद सोडले, त्याच महिन्यात स्वीडिश रेडिओने बोफोर्स प्रकरण फोडले. दूरदर्शनवर आरोपाआधी त्याचा खुलासाच ऐकायला मिळतो, आरोप काय हे वृत्तपत्रात शोधावे लागते, अशी तेव्हाची ठरलेली तक्रार होती. लोकांनी दूरदर्शनचे नाव ‘राजीवदर्शन’ ठेवले. टोपणनाव पडले की अहवालाची गरज उरत नाही.

१६/
१९८८ मध्ये दोन नव्या गोष्टी आल्या. प्रणय रॉय यांचा ‘द वर्ल्ड धिस वीक’ हा खासगी निर्मितीचा वृत्तकार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. उत्तम कार्यक्रम, पण नावाप्रमाणेच जगाचा. बर्लिनची भिंत कशी पडली हे भारतीय प्रेक्षकाने त्यात पाहिले. देशातल्या राजकारणाची भिंत मात्र खासगी कॅमेऱ्याला बंद होती.

दुसरी गोष्ट ‘न्यूजट्रॅक’. ही व्हिडिओ कॅसेटवरची बातमीपत्रिका. महिन्याला एक कॅसेट, व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणायची आणि घरी लावायची. १९९० मध्ये मंडलविरोधी आंदोलनातील आत्मदहनाची भीषण दृश्ये लोकांनी या कॅसेटवर पाहिली. तिलाही चित्रपटासारखे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागे. तरीही महिनाभर शिळी बातमी पैसे मोजून आणणारा ग्राहक होता. रोजची ताजी बातमी फुकट मिळत असताना!

१७/
या काळातला एक खटला तरुण वाचकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. भोपाळ वायुदुर्घटनेवरचा ‘बियाँड जेनोसाइड’ हा माहितीपट तपन बोस, सुहासिनी मुळे आदींनी केला. १९८७ चा सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार, सुवर्णकमळ मिळाले. म्हणजे सरकारनेच गौरवलेला चित्रपट. दूरदर्शनने तो दाखवण्यास नकार दिला.

कारणे पाहण्याजोगी आहेत. चित्रपट कालबाह्य झाला आहे, त्यात संयम नाही, तो समतोल नाही, विषय न्यायप्रविष्ट आहे, राजकीय पक्ष हा मुद्दा उचलत आहेत, आणि त्यात राज्य सरकारवर टीका आहे.

१८/
सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही कारणे एकेक करून तपासली आणि फेटाळली. दुर्घटनेचे बळी अजून भरपाईसाठी झगडत असताना विषय कालबाह्य कसा? आणि सरकारवर टीका आहे म्हणून सरकारी वाहिनीने चित्रपट नाकारायचा, हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसत नाही. चित्रपट दाखवावा, असा आदेश झाला.

येथे ‘समतोल’ या शब्दाचे काय झाले तेही पाहावे. ज्या वाहिनीवर वर्षानुवर्षे एकाच बाजूला झुकते माप असल्याचा आरोप होता, तीच दुसऱ्याच्या चित्रपटाला समतोल नसल्याबद्दल दोष देत होती. समतोलाची मागणी हा पक्षपातावरचा उपाय असतो, तसे ते गैरसोयीचा आवाज बंद करण्याचे साधनही होऊ शकते. हे साधन पुढे अनेकांच्या हाती गेले.

१९/
नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेस हरली. मतपत्रिका हातांनी मोजल्या जात, निकाल यायला दिवस लागत, मधल्या वेळात हिंदी चित्रपट. प्रणय रॉय आणि विनोद दुआ यांनी दूरदर्शनच्या पडद्यावरूनच सत्ताधाऱ्यांचा पराभव सविस्तर उलगडून दाखवला. त्याच पडद्यावर आणि त्याच कर्मचाऱ्यांकरवी. मोकळीक मिळाली तर काय होऊ शकते, हे त्या रात्री दिसले.

नव्या सरकारने १९९० मध्ये प्रसार भारती कायदा संसदेत संमत करून घेतला. सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची मोहोर उमटली. तो अमलात यायला केवळ एक अधिसूचना हवी होती. नोव्हेंबरमध्ये सरकार पडले आणि ती अधिसूचना सात वर्षे निघाली नाही.

२०/
दरम्यान आकाशातून दुसरेच काही उतरत होते. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सीएनएनवर थेट दिसले. त्याच वर्षी स्टार आले, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी. गच्चीवर तबकडी आणि गल्लीत केबलवाला.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. दूरदर्शनने ती दृश्ये टाळली. केबल असलेल्या घरांत बीबीसीवर ती दिसली. १९८४ चा अनुभव लक्षात घेता भडका उडवणारी चित्रे न दाखवणे हा जबाबदार निर्णय म्हणता आला असता. पण तसे म्हणायला फारसे कोणी तयार नव्हते. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याचा संयमही लपवाछपवी वाटतो. मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत अफवांना जी सुपीक जमीन मिळाली, तीत ‘सरकारी बातम्या खरे सांगत नाहीत’ या जुन्या समजुतीचा वाटा मोजता येणार नाही, पण नाकारताही येणार नाही.

२१/
सरकारची मक्तेदारी मोडली ती राजकारणाच्या खटल्यात नव्हे, क्रिकेटच्या! १९९३ च्या हीरो कप स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने एका परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन आणि मंत्रालय आडवे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. सावंत हे मुंबईच्या वकिली परंपरेतून आलेले न्यायाधीश, पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे न्यायालयाने म्हटले. १८८५ च्या कायद्याच्या बळावर सरकार तिच्यावर एकाधिकार सांगू शकत नाही. या निकालाचा एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहिला.

२२/
उरलेला भाग असा : सरकारची मक्तेदारी जितकी घातक तितकीच खासगी धनिकांची. मूठभर मालकांच्या हाती लहरी गेल्या तर नागरिकाला पुन्हा एकाच बाजूचे ऐकावे लागेल. म्हणून या मालमत्तेवर समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या, स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाचे नियंत्रण असावे आणि ते स्थापण्यासाठी सरकारने तातडीने पावले उचलावीत.

असे प्राधिकरण झाले नाही. वाहिन्या मात्र शेकड्यांनी आल्या. जुलै १९९५ मध्ये सुरेंद्र प्रताप सिंह यांचे वीस मिनिटांचे ‘आज तक’ दूरदर्शनच्याच मेट्रो वाहिनीवर सुरू झाले, बोलीभाषेतले, चटपटीत. बातमीतला सरकारी इस्त्रीचा कपडा लोकांनी आनंदाने उतरवला. त्या आनंदात वर्गीज अहवाल आणि सावंतांचा इशारा, दोन्ही मागे पडले.

२३/
गुजराल एप्रिल १९९७ मध्ये पंतप्रधान झाले. माहिती व नभोवाणी खाते जयपाल रेड्डी यांच्याकडे होते. रखडलेला कायदा १५ सप्टेंबर १९९७ पासून लागू झाला. अडतीस वर्षांपूर्वी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली होती तीच ही तारीख. २३ नोव्हेंबरला प्रसार भारती अस्तित्वात आली. अध्यक्ष ज्येष्ठ पत्रकार निखिल चक्रवर्ती, मुख्य कार्यकारी अधिकारी एस. एस. गिल. गिल हे पूर्वीचे माहिती सचिव, ‘हम लोग’ मालिका पडद्यावर आणणारे.

कर्मचारी मात्र सरकारीच राहिले, पैसा सरकारी अनुदानाचा राहिला, आणि ठरावीक बाबतींत निर्देश देण्याचा अधिकार कायद्याने केंद्राकडेच ठेवला.

२४/
मार्च १९९८ मध्ये दिल्लीत सत्ता बदलली. निखिल चक्रवर्ती जूनमध्ये निवर्तले. त्यानंतर नव्या सरकारने अध्यादेश काढून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला वयोमर्यादा घातली आणि त्या मर्यादेमुळे गिल यांना पद सोडावे लागले. स्वायत्ततेला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते.

आनंद पटवर्धन यांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हा माहितीपट १९९५ चा. मुंबईतील आणि देशातील धार्मिक हिंसेचा पुरुषी अहंकाराशी असलेला संबंध तपासणारा आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. दूरदर्शनने तो नाकारला. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. दूरदर्शनने तो दाखवावा असा अंतिम आदेश ऑगस्ट २००६ मध्ये आला. तोपर्यंत प्रसार भारतीला जवळजवळ नऊ वर्षे आणि चित्रपटाला अकरा वर्षे झाली होती.